तीन सत्त्या

जावईबापूंनी रंगाच्या कारखान्यात पाऊल टाकलं तेव्हा त्यांना दोन गोष्टी उत्तम येत होत्या. एक, कुठल्याही गोष्टीच्या आधी 'ऑनलाइन' हा शब्द लावणं. दुसरी, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत 'झालंच समजा' म्हणणं. सासऱ्यांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, एवढं भरपूर होतं. त्यांनी जावयाला काचेची केबिन दिली, फिरती खुर्ची दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली की आता आमच्याकडे घरचाच कॉम्प्युटरवाला आहे.

सासूबाईंनी हे घरी बसून ऐकलं आणि ओठ मुडपले. त्यांची लेक मनी म्हणायची, आईने तोंडाने काही बोलायची गरजच नसते, ओठ बघितले की निकाल कळतो.

कारखाना कापड रंगवण्याचा होता. खाली टाक्या, वाफ, कापड ओढणारे रूळ आणि कधीच न वाळणारी फरशी. वर एक लांबट खोली, तिला सगळे लॅब म्हणत. लॅबमध्ये रंग मोजायचं यंत्र, नमुने पाहायची उजेडाची पेटी, नाजूक काटा आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणून 'अगदी हाच रंग हवा' म्हणालं की तुकडा यंत्राखाली धरायचा. यंत्र तीन आकडे देई. ते कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामला द्यायचे, की प्रोग्राम सांगे, निळा एवढा, पिवळा एवढा, लाल चिमूटभर. इतक्या वर्षांत तो कधी रुसला नव्हता.

तो प्रोग्राम सासूबाईंनी लिहिला होता. लग्नाच्या आधीपासून त्या याच लॅबमध्ये कामाला होत्या. पुढे मनी झाली, मालक म्हणाले, "घरी कुणी बघायला नको का?" आणि त्या घरी आल्या. प्रोग्राम तिथेच राहिला. मालक पाहुण्यांना सांगत, "बाहेरून करून घेतलाय." एकदा हे त्यांनी बायकोच्या देखतच सांगितलं. सासूबाईंनी पाहुण्यांपुढे पाण्याचे ग्लास ठेवले, जरा आवाज होईल असे.

प्रोग्राम त्यांचा असला तरी त्याला रंगातलं कळायला लागलं ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे कारखान्याचे डाइंग मास्तर, कापड रंगवण्याचं सगळं काम बघणारे. सासूबाई नव्या होत्या तेव्हा निळ्यातला हिरवेपणा आणि निळ्यातला जांभळेपणा त्यांना मास्तरांनीच दाखवला होता. कागदावरचा हिशेब कितीही बरोबर असला तरी पाणी बदलतं, रंगाचा डबा बदलतो, आणि कापड टाकीतून बाहेर येतं ते थोडं इकडे नाहीतर तिकडे झुकूनच. म्हणून सासूबाईंनी प्रोग्राममध्ये दुरुस्तीची सोय ठेवली होती. लॉट, म्हणजे एका खेपेला रंगवलेलं कापड, निघाला की मास्तर तो उजेडाच्या पेटीत बघत आणि किती, कुठे झुकलाय ते प्रोग्रामला सांगत. प्रोग्राम ते एका फाइलमध्ये साठवून ठेवी आणि पुढच्या लॉटला तेवढं वळण आपणहून देई. ती फाइल म्हणजे मास्तरांच्या नजरेची पुंजी होती. तिच्यात लिहायची परवानगी फक्त लॅबला होती, आणि लॅब म्हणजे मास्तर.

या सगळ्यावर जावईबापू आयत्या बिळावरच्या नागोबासारखे येऊन बसले. त्यांनी ठरवलं की गिऱ्हाइकाला घरबसल्या वेबसाइटवर रंग निवडता यावा आणि किती खर्च येईल तेही तिथेच दिसावं. वेबसाइटसाठी त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की स्क्रिप्टने लॅबच्या प्रोग्रामला हाक मारायची आणि उत्तर पडद्यावर आणून दाखवायचं. सर्व्हरही त्यांनी लॅबच्याच कॉम्प्युटरवर बसवला. दुसरा घ्यायचा कशाला?

"बाबा, तो प्रोग्राम पार सडका आहे," एकदा जेवताना ते मालकांना म्हणाले. "लॅबमध्ये हाताने चालवला की चालतो. वेबसाइटवरून हाक मारली की म्हणतो, परवानगी नाही. मशीन आपलं, प्रोग्राम आपला, आणि परवानगी कुणाची मागायची?"

"नवीन करून घ्यायचा का?" मालकांनी विचारलं.

"बघतो. उघडून दुरुस्त करावा म्हटलं तर तेही होत नाही. कंपाइल केलेला आहे."

"म्हणजे काय रे?" मनीने विचारलं.

"म्हणजे कापड रंगवून झालेलं आहे. आता त्यातून कुठला रंग किती घातला होता ते उलटं काढता येत नाही. चालवायचा तेवढा."

उपमा वाईट नव्हती, हे सासूबाईंनी मनातल्या मनात मान्य केलं. बाकीचं ऐकून त्यांची करमणूक झाली. वेबसाइट चालवणारा सर्व्हर हा मशीनवरचा एक वेगळा वापरकर्ता असतो आणि त्याला मुद्दाम गरीब ठेवलेलं असतं, कारण तो खिडकीत बसून अख्ख्या जगाशी बोलत असतो. खिडकीतल्या माणसाच्या हातात कुणी आतल्या खोल्यांच्या किल्ल्या देत नाही. त्याला प्रोग्राम चालवायची तेवढी परवानगी द्यायची, रंगांच्या फाइली वाचायची द्यायची, काम संपलं. दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं होतं. पण नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण सासूबाईंनी सारवलेलं आहे हे त्या टेबलावर एका माणसाला माहीत असून तो आमटी भुरकत होता, दुसऱ्याला माहीत नव्हतं, आणि विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

"अजून वाढू का?" सासूबाईंनी विचारलं.

चार दिवसांनी जावईबापू विजयी मुद्रेने आले.

"झालं काम. तीन सत्त्या टाकल्या."

"पत्त्यांतल्या?" मनी म्हणाली.

"अगं, प्रत्येक फाइलला तीन आकडे असतात. पहिला फाइलच्या मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाचा. सात म्हणजे वाचा, लिहा, चालवा, काय वाटेल ते करा. मी अख्ख्या फोल्डरला सात, सात, सात देऊन टाकले. आता कुणी कुणाला अडवत नाही."

"वा," मालक म्हणाले. "सत्ता असावी ती अशी."

सासूबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. "छान केलंत. आता घराच्या किल्ल्यापण फाटकाला बांधून ठेवा. रस्त्यावरच्यांची सोय होईल."

मनी हसली. जावईबापूही मोठ्या मनाने हसले. "आई म्हणजे ना," ते म्हणाले. मालकांनी जावयाला समजावलं की हिची बोलायची रीतच तशी आहे, मनावर घेऊ नका. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. सासूबाई मात्र आपल्या वाक्यावर खूश होत्या. ताटं उचलताना त्यांनी ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

वेबसाइट सुरू झाली. मालक ती बँकेत दाखवत, न्हाव्याकडे दाखवत, दात काढायला गेले तिथेही त्यांनी ती दाखवली. पडद्यावर रंगाचा मोठा चौकोन, आणि खाली जावईबापूंच्या कल्पकतेची बटणं, 'थोडा फिका', 'थोडा गडद', 'थोडा निळसर', 'थोडा पिवळसर'. ही बटणं त्यांनी कशाला जोडली? तर प्रोग्रामच्या यादीत त्यांना 'दुरुस्ती' नावाची एक सोय सापडली होती, तिला. दुरुस्ती म्हणजे काय हे त्यांनी मास्तरांना विचारलं नाही. मास्तर खाली वाफेत उभे असत आणि जावईबापूंना वाफेचा त्रास होई. पहिल्यांदा प्रोग्राम म्हणालाही होता, की ही फाइल लिहिता येत नाही. पण तीन सत्त्यांनी ती कुरकुरही मिटवून टाकली होती.

झालं. कुठल्यातरी दुकानातला कंटाळलेला कारकून दुपारी बसून निळ्याला पुन्हापुन्हा पिवळसर करी. कुणाचं पोर आईच्या फोनवर बटणं बडवी. त्यातली प्रत्येक टिचकी मशीनच्या लेखी मास्तरांचा शेरा होती. मास्तरांच्या पुंजीत रिकामटेकड्यांचे खोटे पैसे पडत होते आणि प्रोग्राम ते इमानदारीने जमा करून घेत होता. आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं.

खाली टाक्यांवर रंग हळूहळू सरकायला लागले. राखाडीत गुलाबी डोकावला. पिवळा मळल्यासारखा निघाला. मास्तर प्रत्येक वेळी टाकीत वरून रंग घालून लॉट सावरत, मग जिने चढून वर येत आणि दुरुस्ती भरत. दुसऱ्या दिवशी रंग भलतीकडेच गेलेला असे. पूर्वी मोठा लॉट टाकण्याआधी वीतभर तुकडा रंगवून बघायची पद्धत होती. ती जावईबापूंनी बंद केली होती. "नमुन्यात अर्धा दिवस जातो," ते म्हणाले होते. "कॉम्प्युटर कशाला आहे मग?" मास्तरांनी दोनदा विरोध केला. तिसऱ्यांदा त्यांना मालकांनीच गप्प केलं.

मग हॉस्पिटलचं कापड आलं. परिचारिकांच्या गणवेशाचा फिका निळा, जुनं गिऱ्हाईक, मोठा लॉट. कापड निघालं ते शेवाळलेल्या पाण्यासारखं. हॉस्पिटलच्या खरेदीच्या बाईंनी जुना गणवेश त्यावर धरला आणि म्हणाल्या, "हे घालून आमच्या मुली उभ्या राहिल्या तर पेशंट त्यांनाच कॉटवर झोपवतील." आणि सगळं परत पाठवलं.

मालक टाक्यांपाशी गेले आणि सगळ्या कामगारांसमोर मास्तरांना म्हणाले, "वय होतं माणसाचं. त्यात लाज नाही. पण नजर गेली की रंगात राहू नये."

मास्तरांनी हात पुसले आणि घरी गेले. चोर काचेच्या केबिनमध्ये फिरत्या खुर्चीवर, आणि संन्याशाला फाशी.

मनीने घरी येऊन सांगितलं. "बाबांनी मास्तरांना थांबवलं, आई. डोळे गेले म्हणे त्यांचे."

"कुणी सांगितलं?"

"कापडच सांगतंय ना."

सासूबाईंनी ओठ मुडपले नाहीत. मास्तरांची नजर गेली, हे त्यांना जावयाच्या हुशारीइतकंच खरं वाटत होतं, पण बिघडलेलं कापड आणि तीन सत्त्या यांचा एकमेकांशी संबंध आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर स्वतःच दारात उभे राहिले. हातात पत्र्याचा एक चपटा डबा. नखांच्या कडा कायमच्या निळ्या.

"मालक नाहीत घरात," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणूनच आलो. पोरी, माझं एक काम कर."

त्यांनी डबा टेबलावर ठेवून उघडला. आत रंगवलेल्या कापडाचे बोटभर चौकोन, निळ्यापासून हिरव्यापर्यंत, एकापासून दुसऱ्याचा फरक इतका बारीक की अनोळखी माणसाला सगळे सारखेच वाटावेत. प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक. सासूबाई याच चौकोनांवर शिकल्या होत्या.

"मिसळ," मास्तर म्हणाले. "मी लावतो. मग उलटे करून बघ. आणि खरं सांग. बाकीचे मला बरं वाटावं म्हणून बोलतील. तू तसं करणार नाहीस. तुझं तोंड वाईट आहे."

सासूबाईंनी चौकोन मिसळले आणि खिडकीपाशी मांडले. मास्तर वाकून एकेक उचलत होते, शेजाऱ्याला लावून बघत होते, मध्येच एखादा परत घेत होते. रंगाच्या कामात त्यांना इतकं घाबरून हात चालवताना सासूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. लावून झाल्यावर ते मागे सरले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

सासूबाईंनी चौकोन उलटे केले. सगळे क्रमांक ओळीने होते.

"एकही चूक नाही, मास्तर."

"पुन्हा मिसळ."

पुन्हा मिसळले. पुन्हा सगळे ओळीने आले. मास्तर खुर्चीत बसले, पण त्यांचा चेहरा सुटला नाही.

"मग मला वेड लागलंय," ते म्हणाले. "लॉट पिवळ्याकडे गेला म्हणून मी तसं भरतो. दुसऱ्या दिवशी आणखी पिवळा. म्हटलं मी उलटं भरतोय. उलटं भरून बघितलं, तर लालसर. पोरी, तुझा प्रोग्राम माझं ऐकायचा. आता जणू मी खोलीत नाहीच."

सासूबाईंचा हात चौकोनांवर थांबला. "दुरुस्ती तुमच्याशिवाय कोण भरतं?"

"कोण भरणार? मी एकटा."

सासूबाई उठल्या आणि घरातला कॉम्प्युटर सुरू केला. जावयाची वेबसाइट त्यांनी आजवर उघडलीसुद्धा नव्हती. तेवढी तिची लायकी नाही, असं त्यांचं मत होतं. आता त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली. रंगाचा चौकोन, खाली बटणं. 'थोडा पिवळसर' दाबलं. चौकोन बदलला, आणि खाली अक्षरं उमटली, 'दुरुस्ती नोंदवली.' ही दोन शब्दांची पावती त्यांनी स्वतः प्रोग्राममध्ये लिहिली होती, मास्तरांसाठी.

"चला," त्या म्हणाल्या. "चपला घाला."

इतक्या वर्षांनी मालकीणबाईंना जिना चढताना पाहून कारखान्यात थोडी धावपळ झाली. मालक आले, मागोमाग जावईबापू. सासूबाई तोपर्यंत लॅबच्या कॉम्प्युटरपुढे बसल्याही होत्या.

"अगं, काय करतेस? बिघडेल काहीतरी," मालक म्हणाले.

"आता बिघडायला काय ठेवलंय?" त्या म्हणाल्या आणि एक ओळ लिहिली. पडद्यावर फाइलींची यादी आली. प्रत्येकीच्या आधी परवानग्यांची अक्षरं, आणि त्यांच्या पुढे फाइलच्या मालकाचं नाव. सगळीकडे एकच नाव होतं, सासूबाईंचं माहेरचं.

मालक चष्मा सावरत वाकले. "हे खातं अजून आहे?"

"बंद करा असं कुणी म्हणालं नाही."

जावईबापू त्या नावाकडे बघतच राहिले. त्यांना ते नाव कुणाचं हे कळायला मनीच्या लग्नपत्रिकेतलं मामांचं आडनाव आठवावं लागलं असणार, कारण वेळ लागला.

"ही दुरुस्तीची फाइल," सासूबाई म्हणाल्या. "हिच्यात शेवटचं कधी लिहिलं गेलं ते इथे दिसतं. बघा. आत्ताच. मास्तर माझ्या शेजारी उभे आहेत, त्यांचे हात खिशात आहेत. मग लिहिलं कुणी?"

सासूबाईंनी तीच ओळ पुन्हा चालवली. वेळ पुढे सरकली होती. कुठेतरी कुणीतरी अजून बटणं दाबत होतं.

"पण ती बटणं नुसती दाखवायला होती," जावईबापू म्हणाले. "मला वाटलं, पडद्यापुरतं बदलून दाखवतं."

"तुम्हाला वाटलं."

"आतलं दिसत नाही हो त्याच्या."

"म्हणूनच तो बोलतो ना? लिहिता येत नाही, असं म्हणाला होता की नाही? तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलात. तीन सत्त्यांचा."

जावईबापूंचे कान लाल झाले होते. पण त्यांनी मान वर केली. "आई, हा तुम्ही लिहिलाय."

"हो."

"मग मी जेवताना बोललो तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत?"

"तुम्हाला विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी चुकतोय हे तुम्हाला माहीत होतं."

मूर्ख माणसाच्या तोंडून बरोबर वाक्य आलं की ते जास्त झोंबतं. मास्तर सासूबाईंकडे वळले, "तुला माहीत होतं?"

"बटणांचं नव्हतं, मास्तर. सगळं उघडं टाकलंय, तेवढं माहीत होतं. म्हणाले होते मी त्यांना, किल्ल्या फाटकाला बांधा म्हणून."

"म्हणजे टोमणा मारलास," मास्तर म्हणाले. "तेवढ्याच श्वासात सांगून झालं असतं."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. खिशातून हात काढले आणि जिना उतरून गेले.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. वेबसाइटवरची बटणं काढली. सर्व्हरला प्रोग्राम चालवायची आणि रंगांच्या फाइली वाचायची परवानगी ठेवली, लिहायची काढून घेतली. दुरुस्तीची फाइल मात्र पार नासली होती. त्यात खरं कुठलं आणि पोराटोरांचं कुठलं, हे देवालाही निवडता आलं नसतं. तेव्हा जावईबापू घसा साफ करत म्हणाले की वेबसाइट बनवण्याआधी त्यांनी अख्ख्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवली होती. प्रत खरंच होती आणि धड होती. सासूबाईंना 'बरं केलंत' म्हणावं लागलं. ते म्हणताना त्यांना दाढ दुखल्यासारखं झालं.

मालकांनी मास्तरांना फोन केला. "गैरसमज झाला," ते म्हणाले. "उद्यापासून या." आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत या विचारात फोन ठेवला. मास्तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. "माणसाला डोक्यावर बसवलं की असं होतं," मालक म्हणाले.

"अहो, तुम्ही त्यांना पायाखाली घेतलं होतं," सासूबाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

मास्तर आपल्या घराच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सासूबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. बोलणं त्यांनी वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरलं.

"मला त्याच्या चुकीची मजा वाटत होती," शेवटी त्या म्हणाल्या. "तोंडावर आपटेल कधीतरी, बघू, असं मनात होतं. तो आपटेल तेव्हा खाली कोण असेल, याचा विचार केला नाही."

मास्तरांनी कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं.

"मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसलो होतो," ते म्हणाले. "त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सगळी वाचली. नजर उत्तम आहे म्हणाला. अरे, अक्षरं काळी. काळ्याचं मला काय सांगतोस?" त्यांनी खुडलेलं पान बोटांत फिरवलं. "घरी आलो, तर या कुंडीतला हिरवा मला हिरवा वाटेना. इतकी वर्षं रंगात काढून मी पानाकडे बघून विचार करत होतो, हा हिरवाच आहे ना?"

सासूबाईंनी रिकामी झारी घेतली, नळाखाली भरून आणली आणि मास्तरांपुढे धरली. त्यांनी ती घेतली.

"येईन," पुढच्या कुंडीत पाणी ओतत ते म्हणाले. "नमुना रंगवल्याशिवाय लॉट टाकणार नाही. आणि मालक जिथे बोलले तिथेच त्यांनी परत बोलायचं. फोनवर नाही."

मालक बोलले. बायकोने जेवायला वाढण्याआधी विषय काढला होता, म्हणून बोलले. टाक्यांपाशी जाऊन, रूळ फिरत असताना, वाफेच्या आडून ते काहीतरी पुटपुटले. कामगारांनी एकमेकांकडे बघितलं.

"मशीन बंद करा रे," मास्तर म्हणाले. "मालक काहीतरी सांगतायत, ऐकू येत नाही."

मशीन बंद झालं. कारखान्यात इतकी शांतता दिवसाढवळ्या कधी नसे. मालकांना तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने आणि पूर्ण म्हणावं लागलं. मास्तरांची नजर चांगली आहे, चूक आमची होती. 'माझी' म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. मास्तरांनी तेवढं सोडून दिलं आणि टाकीचं झाकण उघडायला सांगितलं.

हॉस्पिटलचं कापड त्यांनी दुसऱ्यांदा टाकीत घातलं आणि गडद निळं करून काढलं. आधी वीतभर तुकडा, मग लॉट. खरेदीच्या बाई नाक मुरडत आल्या आणि कापड घेऊन गेल्या.

सासूबाई आता आठवड्यातून काही वेळा लॅबमध्ये येतात. मालक त्याला 'हिचा वेळ जातो' असं म्हणतात. मास्तर त्यांच्याशी कामापुरतं बोलतात. पूर्वीसारखं 'पोरी' अजून एकदाच म्हणाले आहेत, तेही घाईत.

परवा जावईबापूंना एक नवा प्रोग्राम वेबसाइटला जोडायचा होता. कंपाइल करून झाला होता. ते केबिनमधून उठून लॅबमध्ये आले आणि सासूबाईंच्या शेजारी उभे राहिले.

"आई, याला परवानग्या काय देऊ?"

"का? सत्त्या संपल्या?" सासूबाईंच्या तोंडून गेलंच. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. लिहा. चालवायला सर्व्हरला. वाचायला लॅबला आणि सर्व्हरला. दुरुस्तीत लिहायला फक्त मास्तरांना."

जावईबापू एकेक अक्षर बघून लिहीत होते. मध्येच थांबले. "आणि तुम्हाला? लिहायला?"

"मला लिहायचं असेल तेव्हा मी मास्तरांना विचारीन."

ही चेष्टा आहे असं समजून जावईबापू हसले. सासूबाईंनी त्यांना हसू दिलं.